वात वळताना

॥ श्रीराम समर्थ ॥

भगिनींनो, श्रीमहाराजांनी आपल्याला तेरा अक्षरी रामनाम दिलं. पण माळ घेऊन बसलो की मन घरभर हिंडतं, ही आपल्या सगळ्यांचीच तक्रार. म्हणून आषाढी एकादशीपासून आम्ही अकरा जणी लष्करात एकीच्या घरी दुपारी तीन ते चार फुलवाती वळायला बसतो. हात वातीत, तोंडात नाम.

कापसातली सरकी, कचरा काढून तो बोटांनी मोकळा करायचा. पाकळीएवढा पसरून मधे बारीक गोळी ठेवायची, कडा वर गोळा करायच्या आणि बोटाला दुधाचा थेंब लावून शेंडा वळायचा. पंखा चालू असला की कापूस उडतो. ग्वाल्हेरच्या उकाड्यात पंखा-कूलर बंद करून बसणं हेच अर्धं तप!

मन कुठे आहे ते वातीत दिसतं. रागात असलो की पीळ फार घट्ट बसतो, तूप वर चढत नाही आणि ज्योत मंद राहते. लक्ष भलतीकडे असलं की शेंडा सैल राहतो, भसकन जळून जातो. अशी वात मोडून पुन्हा वळायची. त्यात मन आपोआप परत येतं, त्याला ओढावं लागत नाही.

पहिल्या महिन्यात आमचं चुकलंच. लक्षवातीचा हिशेब मांडला: रोज १०८ केल्या तर एकटीला ९२६ दिवस, अकरा जणींना ८५. झालं! कोणाच्या किती, याचे आकडे रोज ग्रुपवर पडू लागले आणि नाम राहिलं बाजूला. घरी जाताना उलट चिडचिड व्हायची. आता मोजणं बंद आहे. डबा भरला की दुसरा घेतो.

आमच्यातल्या एका ताईंचे यजमान चैत्रात गेले. त्या येतात, फारसं बोलत नाहीत. मधेच डोळे भरतात, हात चालू असतो. आम्हीही काही विचारत नाही. परवा त्याच म्हणाल्या, "शांती वगैरे मला अजून कळत नाही गं, पण हा तास जातो. घरी तो जात नव्हता."

मार्गशीर्ष वद्य दशमीला, श्रीमहाराजांच्या पुण्यतिथीला, होतील तेवढ्या वाती उत्सवात देऊ. नवीन येणाऱ्यांनी मूठभर कापूस आणावा, दूध-वाटी आम्ही ठेवतो. मोबाइल बाहेरच्या खोलीत.