शोधपत्रिकांची नीतिमत्ता : यादीकडून विवेकाकडे

संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध होताच ते सार्वजनिक ज्ञानाचा भाग बनतात. पिकाचे वाण, औषधाची मात्रा वा अनुदानाचे निकष ठरविताना त्यांचाच आधार घेतला जातो. म्हणूनच शोधपत्रिकांच्या नीतिमत्तेचा प्रश्न केवळ प्राध्यापकवर्गापुरता मर्यादित राहत नाही.

ही नीतिमत्ता तिघांनी सांभाळावयाची असते. लेखकाने आकडेवारीत फेरफार करू नये, वाङ्मयचौर्य करू नये आणि ज्याचे योगदान नाही त्यास सहलेखक म्हणून दाखवू नये. परीक्षकाने आपले हितसंबंध उघड करावेत व गोपनीयता पाळावी. संपादकाने केवळ गुणवत्तेवर निर्णय घ्यावा आणि गंभीर दोष आढळल्यास निबंध जाहीरपणे मागे घ्यावा.

प्रोत्साहनाचा विपरीत परिणाम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक ठरविले. २०१० च्या नियमांनी अध्यापकांची पदोन्नती गुणांशी जोडली. तज्ज्ञांकडून परीक्षण होणाऱ्या पत्रिकेतील निबंधास १५ गुण होते. परीक्षण नसले तरी आयएसएसएन क्रमांक असलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातील लेखनास १० गुण मिळत. हेतू संशोधनवाढीचा होता. तथापि, आयएसएसएन हा निव्वळ ओळखक्रमांक होय. ती गुणवत्तेची हमी नव्हे. मोजणी संख्येची होऊ लागताच संख्या पुरविणारी बाजारपेठ उभी राहिली. शुल्क घेऊन, परीक्षणाविना निबंध छापणाऱ्या पत्रिका फोफावल्या.

खरेदीदारास प्रत पारखता येत नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालास बाजाराबाहेर ढकलतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. येथील स्थिती अधिक बिकट आहे. शुल्क भरणाऱ्या लेखकास पत्रिकेचा दर्जा पुष्कळदा ठाऊक असतो. फसवणूक होते ती वाचकाची, निवड समितीची आणि प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संशोधकाची.

यादीची मर्यादा

आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने तीत आलेल्या १,००९ पत्रिकांची छाननी पुण्यातील अभ्यासकांनी केली, तेव्हा केवळ ११२ पत्रिका प्राथमिक निकषांवर उतरल्या. मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका वगळण्यात आल्या. त्याच वर्षी वाङ्मयचौर्यविरोधी नियम आले. प्रबंधातील साम्य ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद त्यांत आहे. २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' यादी सुरू झाली. मात्र यादीतील पत्रिकांच्या नावांनी बनावट संकेतस्थळे निघाली. प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची अट २०२२ च्या नियमांत राहिली नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने 'केअर' यादीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविली.

या अनुभवाचा बोध स्पष्ट आहे. यादी बदलली तरी मोजणीचा मोह कायम राहिला, तर पळवाटाही कायम राहतात. निवड समित्यांनी निबंधांची संख्या न पाहता उमेदवाराचे दोन-तीन उत्तम निबंध प्रत्यक्ष वाचावेत. मार्गदर्शकांनी नवोदितांना पत्रिकेचे संपादक मंडळ, परीक्षणपद्धती व शुल्क तपासण्यास शिकवावे. परीक्षणाच्या कामाची विद्यापीठांनी रीतसर नोंद घ्यावी. वाचून पारखण्याचे कष्ट टाळणाऱ्या व्यवस्थेस कोणतीही यादी तारू शकणार नाही.