वणवा आणि सेक्वोयाचं बी

घरात लागते ती आग. रानात पेटून पसरत जातो तो वणवा. ‘बातमी वणव्यासारखी पसरली’ असं आई-बाबा म्हणतात, ते यावरूनच. वणवा म्हटलं की आपल्याला भीती वाटते, आणि ती योग्यच आहे. पण आज आपण अशा झाडाची माहिती घेऊ, ज्याची पिलावळ वणव्याशिवाय वाढत नाही.

हे झाड म्हणजे जायंट सेक्वोया. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगराच्या पश्चिम उतारावरच ते आपोआप उगवतं. सेक्वोया नॅशनल पार्कमधलं ‘जनरल शर्मन’ हे झाड २७५ फूट उंच आहे. वय सुमारे २२०० वर्षं, म्हणजे जवळजवळ आपल्या सातवाहन राजांच्या काळातलं! अशा झाडाची साल दोन फुटांपर्यंत जाड असते आणि तिच्यात राळ फार कमी, म्हणून ती सहज पेटत नाही. बी मात्र ओटच्या चपट्या दाण्याएवढं. ते हिरव्या, घट्ट मिटलेल्या शंकूंत वर्षानुवर्षं बसून राहतं. खाली वणवा लागला की गरम हवेनं शंकू सुकतात, उघडतात आणि बी खाली राखेवर पडतं. पालापाचोळा जळून माती उघडी झालेली असते, वर ऊनही मिळतं. मग कोंब फुटतात.

इथले मोनो आणि योकुट्स लोक पूर्वीपासून रानात मुद्दाम थोडी थोडी आग लावत. १८९० मध्ये नॅशनल पार्क झालं आणि पुढे दिसेल ती आग विझवायची असं ठरलं. १९३५ मध्ये तर देशाच्या वनखात्यानं नियमच केला, की आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यावी. हेतू चांगला होता. पण सेक्वोयांच्या पायाशी फर झाडांची दाटी झाली, काटक्यांचे थर साचले, आणि सेक्वोयाची रोपं दिसेनाशी झाली. १९६० नंतर रिचर्ड हार्टेसवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोडी जागा जाळून पाहिली, तर तिथे रोपं आली! १९६८ पासून पार्कचे लोक स्वतःच ठरवून आग लावू लागले. वारा, ओलावा पाहायचा, भोवती जाळरेषा काढायची (म्हणजे गवत-पाला काढून केलेला मोकळा पट्टा), आणि मगच काडी लावायची.

तरी जळायचं रान फार मोठं उरलं होतं. २०२० च्या ‘कॅसल’ वणव्यात जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी १० ते १४ टक्के मेले. दोन फूट सालही पुरली नाही, कारण ज्वाळा थेट शेंड्यापर्यंत चढल्या. २०२१ मध्ये पुन्हा वणवा आला, तेव्हा जनरल शर्मनचा बुंधा चमकदार अग्निरोधक कापडात गुंडाळला होता. तो फोटो सगळीकडे छापून आला. आम्हांला मात्र वाटतं, की जास्त श्रेय आधीच्या ठरवून लावलेल्या आगींना द्यावं. त्या भागात कित्येक वर्षं पाला जाळत आल्यामुळे वणवा बराचसा जमिनीलगत राहिला.

प्रत्येक रानाला हे लागू नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातली झुडपं वारंवार जळली तर पुन्हा उगवतच नाहीत आणि तिथे नुसतं परदेशी गवत माजतं.

पुढच्या रविवारसाठी: कोकणात पेरणीआधी शेतात ‘राब’ भाजतात. तो कशाचा करतात आणि कशासाठी, हे आजी-आजोबांना फोनवर विचारा आणि पाच वाक्यं लिहून आणा.