आई पावली, पण गोळ्या चालू ठेवा

आमच्या वडगावात कुणी आजारी पडलं की दवाखान्याच्या चिठ्ठीआधी मंगाई देवीचा नारळ निघतो. यात मला काही वावगं वाटत नाही. मागाला माग लावून उभी असणारी माणसं. एकाचा खोकला दुसऱ्याला खडखडाटातही ओळखू येतो. त्याच्यासाठी हात जोडावेसे वाटणारच. पण देवाकडे दुसऱ्यासाठी मागताना आणि मिळाल्यावर त्याचं श्रेय देवाला देताना माणसं कुठं घसरतात, ते मी यंत्रमागाच्या कारखान्यात डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहितो.

आमच्यात एक अण्णा होते. बरेच आठवडे खोकत होते. सुताची धूळ असेल म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि कांडी बदलायला वळायचे. वजन उतरलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली, तेव्हा कुठं सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. टीबी निघाला. ही गोष्ट त्यांनी कारखान्यात दोघा-तिघांनाच सांगितली.

त्यातल्या एका मामांचा जीव कळवळला. मंगाईची आषाढातली यात्रा जवळ आली होती. ते देवळात गेले आणि अण्णांचं नाव, गल्ली, आजार सगळं सांगून मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: "आई, ह्याचा टीबी बरा कर, ह्याची बायको तुझी ओटी भरंल!" आईनं ऐकलं असेलच, मागच्या रांगेनंही ऐकलं. थोड्याच दिवसांत कारखान्यात अण्णांचा चहाचा पेला वेगळा झाला आणि घरमालकानं खोली सोडा म्हणून निरोप धाडला. शिवाय नवस बोलले मामा आणि फेडायचा अण्णांच्या बायकोनं, तोही घरात पगार येत नसताना.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. दोनेक महिन्यांत अण्णांचा खोकला थांबला, भूक लागू लागली, गालांवर जरा मांस आलं. मामांनी कारखानाभर पेढे वाटले. "आता कशाला गोळ्या? आई पावली की!" अण्णांनाही ते हवंच होतं. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी तांबडी व्हायची. ते रिफाम्पिसिन या औषधाच्या रंगानं होतं, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण त्यांना ते रक्त वाटायचं. गोळ्या बंद झाल्या. आणि कृपेवर शंका घेणारा नास्तिक ठरेल म्हणून कुणी ब्र काढला नाही.

साध्या टीबीचा उपचार साधारण 6 महिन्यांचा. पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन. पहिल्या टप्प्यात बहुतेक जंतू मरतात, म्हणून माणूस बरा दिसतो. उरलेले चिवट जंतू मारायला पुढचे महिने लागतात. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि नेहमीची औषधं लागू न पडण्याचा धोका असतो. अण्णांच्या बाबतीत दोन्ही झालं. पुढचा उपचार लांबला, जास्त त्रासाचा झाला. ते वाचले, पण पाळीभर मागावर उभं राहण्याची ताकद काही परत आली नाही.

देवीला श्रेय दिलं यात मामांची चूक नव्हती. ते अर्ध्या वाटेवर दिलं, ही चूक. आणि दिलं तेही असं, की बाकी सगळ्यांची नावं पुसली गेली. रोज सकाळी गोळी हातावर ठेवणारी बायको, थुंकीचा डबा द्यायला घरी येणाऱ्या आशाताई, स्वतःचे सांभाळून अण्णांचे माग चालवणारा पोरगा, यांतलं कुणीच मामांच्या गोष्टीत नव्हतं. ही नावं घेतली असती तर मंगाईला कमीपणा आला असता असं मला वाटत नाही.

तेव्हा मागावरच्या जोडीदारासाठी मागायचं असेल तर आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर मनात मागा. देवाला घरपत्ता लागत नाही. ज्ञानेश्वरी 1290 साली पुरी झाली, तिच्या शेवटी असलेल्या पसायदानात सगळ्या जगासाठी मागणं आहे, पण कुणाच्या दुखण्याचा बोभाटा नाही. नवस बोललात तर तो स्वतःच्या खिशातून फेडा. गुण आला तर खुशाल देवाचे आभार माना, पण गोळ्या थांबवायच्या का हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि गुण नाहीच आला, तर "तुझी श्रद्धा कमी पडली" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. आजाऱ्याला ते आजाराहून जड जातं.

सांगण्यासारखं आणखी एक. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर धुळीवर ढकलू नका. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, बँकेचं पासबुक लागतं. शेजारच्या मागावरच्या माणसाला ही कागदपत्रं जमवायला मदत करा, एखादी पाळी त्याच्याऐवजी करा, आणि भेटलात की हळूच विचारा, आजची गोळी घेतली का.