आवाज द्या, घसा जपा

गावात कबड्डीचा सामना आहे. आपल्या ७ गड्यांना हुरूप द्यायचा आहे. मग ओरडायचे कसे?

घसा ताणू नका. आवाज श्वासावर निघतो. ताठ उभे राहा. पोट फुगेल असा श्वास घ्या. तोंड मोठे उघडा.

शब्द दोनच ठेवा : "शाब्बास, गड्या!" सगळे मिळून एका तालात म्हणा. एकट्याने किंचाळून काय होणार? दहा जणांचा आवाज मैदानभर जातो.

गडी चढाईला गेला, की थांबा. त्याचा दम पंचाला ऐकू आला पाहिजे. नाही तर चढाई वाया जाते.

मध्ये मध्ये पाणी प्या. आवाज बसला तर गप्प राहा. ३ आठवड्यांत सुटला नाही तर डॉक्टरांना दाखवा. उद्या बैलांना हाक द्यायलाही हाच गळा लागतो!