भोगीच्या भाजीपुरता मटार

अगं, गॅलरीत मटार लावायचा म्हणतेस, तर जरूर लाव. डोंबिवलीच्या दमट हवेत मटार येतच नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतील. येतो गं. त्याची वेळ तेवढी सांभाळावी लागते, आणि तीच गोष्ट मला तुला नीट सांगायची आहे.

मटार मुळात थंड हवेचा भुकेला. इंग्लंडात तो वसंतात पेरतात. आपल्याकडे लाहौल-स्पितीत तो भर उन्हाळ्यात पिकतो, सासवड-पुरंदरच्या पठारावर पावसाळ्यात, आणि जबलपूरकडे हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत आपल्या बाजारात मटार स्वस्त होतो ना, त्यातला बराचसा तिकडचाच. महिने वेगवेगळे, पण मागणी एकच: साधारण १० ते २० अंशांचा गारवा. पारा ३० च्या वर राहू लागला की फुलं गळतात, शेंग धरली तरी दाणा भरत नाही. आता आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. आपल्याला गारवा मिळतो तो रात्री आणि सकाळी. समुद्रापासून जितकं आत जावं तितक्या रात्री जास्त गार, म्हणून ठाण्यापेक्षा कल्याण-बदलापूरच्या बाजूला हे पीक थोडं सोपं.

तेव्हा घाई करू नकोस. पाऊस थांबला की हात शिवशिवतात, पण ऑक्टोबर हीटमध्ये पेरलेलं रोप सुरुवातीलाच दमतं. दिवाळीनंतर पेर असं सगळे सांगतात, पण दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. त्यापेक्षा पहाटे पंखा कमी करावासा वाटू लागला की पेर. बहुधा तो नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा असतो. अर्केल नावाची लवकर येणारी, बुटकी जात घे. तिच्या शेंगा ५५-६० दिवसांत तोडायला येतात. म्हणजे हिशेब कर, भोगीच्या भाजीला घरचा मटार!

बी मात्र बियाण्याच्या दुकानातूनच आण. वाण्याकडचा पांढरा वाटाणा रुजतो, पण तो उसळीचा, सुकवून खायच्या जातीचा. कोवळ्या दाण्याची गोडी त्यात नाही. फ्रोजन मटार तर वाफवलेला असतो, तो रुजणारच नाही.

कुंडी निदान १२ इंच खोल हवी. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळ आणि खालची भोकं मोकळी आहेत ना ते बघ. बी बोटाच्या दोन पेरांइतकं खोल, दोन बियांत चार बोटं अंतर. पेरल्यावर एकदा नीट पाणी दे, मग अंकुर दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेव; चिखलात बी कुजतं. युरिया तर अजिबात घालू नकोस. मटाराच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला देतात. वरून नत्र घातलंस तर पाला माजेल आणि शेंगा रुसतील.

जागा निवडताना एक लक्षात ठेव. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. पूर्वेचं सकाळचं ऊन तर उत्तमच. पश्चिमेची गॅलरी असेल तर दुपारी जुनी सुती ओढणी आडवी बांध.

अंकुर वर आले की पहिला शत्रू कबुतर. कोवळे शेंडे ती पार खुडून टाकतात, म्हणून पेरतानाच जाळी लाव. रोप वीतभर झालं की काठ्या रोवून सुतळी ताण. मटाराचे ताणे स्वतःच तिला विळखा घालतात. अर्केल दीड-दोन फुटांच्या वर फारशी जात नाही, तरी आधार हवा, नाहीतर शेंगा मातीला टेकून कुजतात.

जानेवारीत पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसेल. ती पानं लगेच काढ, रोपांत हवा खेळू दे, पाणी पानांवर न मारता मुळाशी दे. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन टाक. फुलं आल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नकोस, दाणा तेव्हाच भरतो.

शेंग फुगून टणटणीत झाली, पण हिरवीगार आणि चमकदार आहे, तेव्हाच तोड. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा पिठूळ स्टार्च होऊ लागतो, म्हणून तोडल्या तोडल्या सोलून खाण्यात जी गोडी आहे ती विकतच्या शेंगेत सापडत नाही. दोन-तीन दिवसांआड तोडत राहिलीस तर वेल पुन्हा फुलतो. पाच-सहा कुंड्यांतून किलोंनी मटार निघणार नाही हे आधीच मनाशी धर. भोगीच्या भाजीत पावटा, गाजर, वांग्याबरोबर पडेल एवढा निघाला तरी पुष्कळ. पोरांना कुंडीपाशीच चार शेंगा सोलून खाऊ दे, तो आनंद वेगळाच.

आणि एका कुंडीत वाल लाव बरं का. तो आपल्या ठाणे-रायगडचा हिवाळी सोबती, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारा. थंडी कमी पडली तरी तो तुला रिकाम्या हातानं पाठवणार नाही.

फेब्रुवारी तापू लागला की मटाराचा हट्ट सोड. झाडं उपटू नकोस, मातीलगत काप. गाठींची मुळं आत राहिली तर पुढच्या भेंडीला, मिरचीला खत मिळेल. चांगल्या दोन झाडांवरच्या शेंगा मात्र तशाच वाळू दे. मटार बहुधा स्वतःच्याच परागानं फळतो, त्यामुळे अर्केलचं बी घरचं धरता येतं. खडखडीत वाळलं की घट्ट झाकणाच्या बरणीत भर, पावसाळ्यात उघडू नकोस, आणि मूठभर माझ्यासाठी बाजूला काढून ठेव.