'इन' लागले तरी पेटतेच

चाकण एमआयडीसीत कामाला आलेल्या ठाकर-कातकरी मुलांना मी इंग्रजी विशेषणे शिकवतो, ती पिंपांवरच्या पाट्यांवरून. 'व्हिजिबल' म्हणजे दिसणारे, 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारे. हे त्यांना लगेच पटते. मग 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे, असे ती ठरवून टाकतात. इथे जिवाशीच गाठ! हा 'इन' नकाराचा नव्हे. 'पेटवणे' या अर्थाच्या 'इनफ्लामारे' या लॅटिन क्रियापदातला आहे. म्हणजे 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' दोन्ही ज्वालाग्राहीच. (मराठीने हा घोळ ठेवला नाही, बरे झाले.) न पेटणारे ते 'नॉनफ्लेमेबल'. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेने १९२०च्या दशकातच 'फ्लेमेबल' वापरण्याचा आग्रह धरला. आपल्या टँकरांवर मात्र जुनाच शब्द अजून दिसतो. बंधुभगिनींनो, थिनर हाताळणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याला हे तीन शब्द विचारून पाहा.