जुनी सफारी उभी केली, पण तासाला किती सुटले? शाहूवाडीतली एक वही

मागच्या व्हिडिओत आपण जुन्या फोर बाय फोर सफारीचं काम बघितलं. गाडी दाखवण्यात वेळ गेला आणि हिशेब घाईत उरकला. खरं तर शिकायचं होतं ते हिशेबातच. म्हणून तो इथे सविस्तर मांडतोय. वही-पेन घेऊनच वाचायला बसा.

आपल्या बॅचमधला हा पोरगा शाहूवाडी तालुक्यातला. मलकापुरात ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात नोकरी, हाताला कसब, आणि डोक्यात लहानपणापासून एकच गाडी. एक दिवस फोन आला. "सर, गाडी नादखुळा झालीया. साडेचार लाखाला गिऱ्हाईक आलंय. आता नोकरी सोडतो, आणखी दोन जुन्या सफाऱ्या घेतो आणि रिस्टोरेशनचाच धंदा टाकतो." पैसे कुठून आणणार, असं विचारलं. पहिल्या गाडीसाठी आईच्या पाटल्या बँकेत ठेवून दीड लाख उचलले होते. आता उरलेलं सोनंही ठेवणार होता.

मी म्हटलं, सोनं हलवू नकोस. आधी वही घेऊन ये.

गाडी कोणती आणि घेताना काय बघितलं

टाटांनी सफारी १९९८ मध्ये बाजारात आणली. हिची नोंदणी ऑगस्ट २००४ ची. १९४८ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन, शिडीसारखी चॅसी, पुढे टॉर्शन बार, मागे कॉइल स्प्रिंग. हेच इंजिन सुमोलाही होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट अजून मिळतात. मिळत नाहीत ते अंगावरचे दागिने: दरवाजाचे रबर, मागची काच, दिवे, आतलं प्लास्टिक. धंदा म्हणून बघणाऱ्याने हा फरक पहिल्याच दिवशी ओळखला पाहिजे. इंजिनासाठी तुमचं काम अडणार नाही. ते अडेल एका बीडिंगसाठी, आणि तेवढे दिवस तुमचे पैसे शेडमध्ये उभे राहतील.

गाडी रत्नागिरीच्या बाजूची, म्हणजे खाऱ्या हवेत वाढलेली. १,२३,००० ला घेतली आणि ट्रकवर घालून आंबा घाटातून वर आणली. रंग बरा होता आणि सीटाही बऱ्या होत्या. तिथेच तो फसला, आणि तुम्हीही तिथेच फसाल, कारण आपण गाडी उभ्याने बघतो. जुनी फोर बाय फोर झोपून बघायची असते.

एक लहान हातोडी घ्या आणि चॅसीवर टकटक करत जा. जिथे चिखल अडकून राहतो, म्हणजे मागच्या स्प्रिंगची बैठक, बॉडी जिथे चॅसीवर टेकते ते माउंटिंग, डिझेल टाकीच्या वरची बाजू, तिथे जास्त वेळ द्या. टणटणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. थप् असा मेलेला आवाज आला तर आतून गंजाने खाल्लंय. चॅसी नंबर पुसून नीट वाचा. तो गंजून अस्पष्ट झाला असेल तर पुढे आरटीओत तपासणीला अडचण येते, आणि नंबर पुन्हा ठोकून घ्यायलाही त्यांचीच परवानगी लागते. असा नंबर दिसला की सौदा सोडून द्या, गाडी कितीही आवडलेली असली तरी.

दुसरी गोष्ट गिअर, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अॅक्सलच्या ऑइलची. नट सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी गेलंय. ओढ्यातून गाडी घातली की हे होतं. अॅक्सल तापलेला असतो, थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर म्हणजे हवा जायची एवढीशी नळी. ती साफ करायला पाच मिनिटं लागतात. ती राहिली तर क्राऊन-पिनियन जातं.

आणि तिसरी गोष्ट खुद्द फोर बाय फोर. विकणारा म्हणाला होता, "चाललंय की." डॅशबोर्डवरचा खटका फिरवला की दिवा लागायचा, तेवढंच. पुढच्या चाकांना ओढच नव्हती. वर्षानुवर्षं वापर नाही, त्यामुळे शिफ्टची मोटर अडकलेली आणि ऑइल सील कोरडे पडलेले. ही चाचणी मऊ मातीत करा, डांबरावर नको. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून गाडी अडखळते आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. दोन नवे, दोन जुने ही काटकसर इथे महागात पडते.

वहीतले आकडे

जानेवारी ते नोव्हेंबर २०२५, अकरा महिने. सुट्टीचे दिवस आणि रोजची संध्याकाळ. इंजिन उघडलं, हेडची फेसिंग कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात करून घेतली, पंप आणि नोझल तिथेच दिले. उद्यमनगर हे आपल्या जिल्ह्याचं मोठं भांडवल आहे. एखादा बुश मिळत नसेल तर लेथवर तसाच बनवून देणारा माणूस तिथे भेटतो. पण मलकापूर ते कोल्हापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि याने तेवीस फेऱ्या मारल्या. बहुतेक फेऱ्या एका पार्टसाठी. यादी करून गेला असता तर आठ-नऊत भागलं असतं.

चॅसीची सफाई, वेल्डिंग आणि गंजरोधक रंग २२,०००. फोर बाय फोरची सगळी कामं ३१,०००. पाच टायर ३८,०००. पत्राकाम आणि रंग ६२,०००, सीट, रबर आणि काचा १९,०००. म्हणजे नुसत्या दिसण्यावर ८१,०००, आणि त्यातलं एकही काम त्याच्या स्वतःच्या हातचं नाही. ब्रेक, रेडिएटर, इंजिन, वायरिंग वगैरे धरून सगळं, खरेदीसकट, ४,१२,०००.

यात कागदपत्रांचे २९,५०० आहेत, आणि त्यांनी त्याला चांगलाच घाम फोडला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण. ही गाडी २०१९ मध्ये एकदा झाली होती, पुढची मुदत ऑगस्ट २०२४ ला संपली. आधीच्या मालकाने केलं नाही, याने विचारलं नाही. कारच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये. चौदा महिन्यांचे ७,००० याच्या खिशातून गेले. मूळ फी ५,००० धरून तो चालला होता. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या कारची फी १०,००० केली. वर पर्यावरण कर आणि विमा. तुम्ही गाडी घेताना आरसीवरची मुदत आधी बघा आणि हा सगळा खर्च किमतीतून वजा मागा. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. आणि रंग बदलणार असाल तर तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो, हे पेंटरकडे जायच्या आधी लक्षात ठेवा.

तर ४,५०,००० वजा ४,१२,०००. अडतीस हजार. हाच त्याचा "नफा".

आता आपण दोघांनी मिळून त्यात भर घातली. तेवीस फेऱ्यांचा खर्च फेरीला २५० धरला, ५,७५० झाले. दीड लाखाचं सोनेतारण, बारा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज १६,५००. हे व्याज त्याच्या वहीत नव्हतंच. म्हणाला, "ते घरचं आहे सर." घरचं कसं? पाटल्या घरच्या होत्या, व्याज गाडीचं आहे. उरले १५,७५०.

मग तास. त्याने तास लिहिले नव्हते, पण रोज कामाचे फोटो काढले होते. मोबाईलमधल्या फोटोंच्या वेळा बघत आम्ही एक संध्याकाळ बसलो. प्रवास धरून साधारण ४१० तास. भागाकार त्यानेच केला. तासाला ३८ रुपये. शेडचं भाडं धरलं नाही, कारण शेड वडिलांची.

बराच वेळ तो काही बोलला नाही. उद्यमनगरात हेल्पर म्हणून उभा राहिला असता तरी यापेक्षा जास्त सुटले असते, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, यूट्यूबवर तर लोक जुन्या गाड्या करून लाखो मिळवतात. मिळवतात. पण तिथे गाडीची किंमत काय ते बघा. जुन्या फोर्टी सिरीज लँड क्रूझरला जगभर इतकी मागणी आहे की टोयोटाने स्वतः तिचे पार्ट पुन्हा बनवायला घेतले. तिथे शेकडो तासांची मजुरी विक्रीच्या किमतीत मावते. आपल्याकडे २००४ च्या सफारीला लोक प्रेम देतात, पण भाव एका मर्यादेपुढे देत नाहीत. हा दोष त्याच्या हाताचा नाही.

"किरकोळ" नावाचं पान

वही मिटता मिटता मला मागच्या पानावर "किरकोळ" असं दिसलं. जून ते ऑक्टोबरमध्ये नऊ गाड्या त्याच्या शेडमध्ये येऊन गेल्या होत्या. आंब्याच्या रिसॉर्टच्या दोन जीप, बाकी बोलेरो, एक स्कॉर्पिओ. याने सफारीची चॅसी कशी केली ते बघून लोक आले. काम ठरलेलं: गाडीच्या पोटाखालचा चिखल धुणं, गंज घासून काढणं, कोटिंग, ब्रीदर साफ करणं, ऑइल तपासणं, शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, फाटलेले बूट बदलणं. सामान गाडीवाल्याचं, मजुरी याची. एकूण ११,७०० आणि ३९ तास.

म्हणजे तासाला ३००.

तो हसला. "ते काय काम आहे व्हय सर, ते तर मधल्या वेळात केलं."

या पानावर आम्ही पुढचे दोन तास घालवले. शाहूवाडीत पाऊस कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. लाल चिखल, ओढ्यावरचे रस्ते, आणि चार महिने गाडीचं पोट कोरडं होत नाही. घाईत वरून कोटिंग मारून देणारे आहेत, पण ओल्या गंजावर कोटिंग मारलं की ओल आतच राहते आणि पत्रा आणखी लवकर जातो. घासून, वाळवून, मग कोटिंग करायचं, हे त्याने सफारीवर सत्तर तास घालवून शिकलेलं आहे. बूट बदलायला पहिल्यांदा दोन रविवार लागले होते, आता तीन तास लागतात.

पण लगेच हुरळून जायचं नाही. मी त्याला तीन रविवार मोजणीला पाठवलं. मलकापूर, बांबवडे, आंबा, विशाळगडाची वाट. फोर बाय फोर गाड्या ४१ सापडल्या. समजा त्यातल्या २५ वर्षातून दोनदा आल्या, पावसाआधी आणि पावसानंतर, तर १,३०० च्या सरासरीने मजुरी ६५,०००. साध्या बोलेरो धुवायला आल्या तर वर थोडं. वर्षाचा संसार यात चालत नाही. म्हणून नोकरी सोडायची नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चार महिने संध्याकाळी आणि रविवारी हे काम, बाकी वर्ष पगार. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला हे आवडलं नव्हतं, पण पेन त्याच्याच हातात होतं.

प्रेशर वॉशर, दोन जॅक, चार स्टँड, ग्रीस गन, छोटा कॉम्प्रेसर, याचं कोटेशन ५२,००० आलं. जॅकवर नुसती गाडी ठेवून खाली झोपायचं नाही, स्टँड लागतोच, त्यात काटकसर केली तर मी कोटेशनच फाडून टाकेन असं सांगितलं.

राहिला प्रश्न सफारीचा. मी म्हटलं, ठेवायची असेल तर हौस म्हणून ठेव, पण मग दीड लाख पगारातून फेड आणि धंद्याच्या वहीतून ती गाडी काढून टाक. दोन्हीकडे लिहायची नाही. त्याने तीन आठवडे घेतले. या काळात एकदा घरच्यांना घेऊन आंब्यापर्यंत जाऊन आला, पावनखिंडीच्या बाजूला चिखलात फोर बाय फोर लावून बघितली, आणि त्याचा व्हिडिओ मला पाठवला. पुढची चाकं छान ओढत होती.

डिसेंबरात गाडी गेली, साडेचार लाखालाच. पहिल्यांदा बँकेत जाऊन पाटल्या सोडवल्या. मग हत्यारं आली. शेडच्या दारावर अजून बोर्ड नाही, पण आंब्याच्या एका रिसॉर्टने एप्रिलसाठी तीन जीप सांगून ठेवल्यात. तास लिहायला त्याने भिंतीवर कॅलेंडर टांगलंय.

परवा रात्री त्याने एक फोटो पाठवला. सरूडमध्ये एका शेडात दुसरी सफारी उभी आहे, मालक द्यायला तयार आहे. मी विचारलं, चॅसी ठोकून बघितलीस का?

"रविवारी जातोय सर. हातोडी घेतलीय."